कुंदाला पत्र

वाई, रविवार

प्रिय कुंदे,

बरेच महिने पत्र नाही, फोनवर नुसतं "बरं आहे ना, बरं आहे" एवढंच. आज मुद्दाम फोन न करता लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं तर तू मध्येच बोलशील, मी गप्प होईन आणि विषय तिथेच राहील. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, ह्यांची साखर ताब्यात. झालं.

कादंबरीतलं तोतयाचं प्रकरण परवा रात्री लिहून झालं. वाचून पाहिलं आणि झोप उडाली, कारण सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंच्या जागी मला तुमच्या माजघरातली आक्काआत्या दिसायला लागली. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? बंडूला सांगावं तर तो वाड्याच्या हिश्शाचं काढेल.

मागे तू "पुन्हा पानिपत?" म्हणून हसलीस. पुन्हा पानिपत नाही गं. लढाईनंतर पंधरा वर्षांनी, 1776 मध्ये माझी कादंबरी सुरू होते. भाऊसाहेबांचं म्हणून शिर नसलेलं एक धड रणांगणावर ओळखलं, त्याला अग्नी दिला, असं काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय. तरी इकडे पुण्यात पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. त्या स्वतः पानिपतावर होत्या, तिथल्या पळापळीतून जीव वाचवून परत आल्या आणि 1783 साली जाईपर्यंत सवाष्ण म्हणूनच राहिल्या. मधल्या काळात सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण "मीच सदाशिवरावभाऊ" म्हणत उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या अमदानीतच त्याला धरून किल्ल्यावर ठेवलं होतं. 1776 मध्ये तो रत्नागिरीच्या किल्ल्यावरून सुटला आणि कोकणातले किल्ले एकामागून एक त्याला मिळत गेले. खरंच भाऊ आले म्हणून माणसं त्याच्यामागे गेली! शेवटी महादजी शिंद्यांनी मोड केला, समुद्रातून पळताना रघूजी आंग्र्यांनी पकडला आणि डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

ह्या सगळ्याचा निवाडा करणारे कारभारी कोण, तर आपले मेणवलीचे नाना फडणवीस. पानिपतावर होते तेव्हा नानांनी विशीही गाठली नव्हती. आई तिथेच गमावली, वाट फुटेल तिकडे पळत कसे परत आले ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. आपण सायकली काढून मेणवलीच्या घाटावर जायचो, तू त्या पोर्तुगीज घंटेखाली उभी राहून मोठ्याने ओरडायचीस, आठवतं? ती घंटा वसईची, चिमाजीअप्पांनी आणलेली. भाऊसाहेब त्यांचाच मुलगा. इतकी वर्षं ती आपल्या डोक्यावर टांगलेली होती आणि बापाची घंटा, मुलाचा तोतया, निवाडा करणारे नाना हा धागा मला साठीनंतर दिसला. आता घाटावर गेले की मी घंटेकडे बघत बसते. जत्रेतली पोरं मला येडी समजतात, समजू देत.

हे पंचविशीत लिहायला घेतलं असतं तर भाऊंना हत्तीवर बसवून मोकळी झाले असते. तू तेव्हा म्हणालीच होतीस, ऐतिहासिक कादंबरी म्हणजे जिरेटोप आणि धुरळा. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो! (शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतलं मल्हारराव होळकरांचं भांडण मी ह्यात धरत नाही. ते अजून मिटलेलं नाही, आणि मल्हाररावांबद्दल माझं मत तेच आहे.) तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म गेला. जुन्या वहिवाटीच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून मोडी शिकले, बाकी कुणाला शिकायची नव्हती म्हणून. वरची रेघ आधी एका दमात ओढायची, मग अक्षरं तिला लटकवत जायचं, शब्द कुठे तुटतो ते आपण ओळखायचं. कोणाच्या बांधावरून कोणाचं वैर सुरू झालं, कोणत्या विधवेचं नाव कधी कमी केलं, हे त्या कागदांतून वाचत होते तेव्हाच मला वाटतं ही कादंबरी सुरू झाली होती. लोक म्हणतात, "रिटायरमेंटनंतर वेळ छान जातो तुमचा." वेळ घालवायला कुणी लिहीत नाही गं. तुमच्या बडोद्याचेच रियासतकार सरदेसाई बघ. बडोद्याची नोकरी संपल्यावर पासष्टी गाठताना त्यांनी पेशवे दफ्तर हातात घेतलं आणि 1930 पासून चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे 45 खंड छापून काढले. ते खंड आता माझ्या टेबलावर येऊन-जाऊन असतात. त्यांना कुणी म्हणालं असेल का, वेळ छान जातो म्हणून?

एका प्रकाशकाला सुरुवातीची पानं दाखवली होती. त्याचं म्हणणं, पानिपताच्या आठवणीत संक्रांत घाला, तिळगूळ घाला, वाचक रडतो. मी सांगितलं, लढाई 14 जानेवारीची खरी, पण तेव्हा संक्रांत 14 जानेवारीला नव्हतीच, तीन-चार दिवस आधी होऊन गेली होती. संक्रांतीची तारीख शतकानुशतकं पुढे सरकत आलीय. विवेकानंदांचा जन्म 1863 च्या संक्रांतीचा, ती 12 जानेवारीला होती, मग त्याच्याही शंभर वर्षं आधीचा हिशेब करा. तो म्हणाला, "वाचक कुठे पंचांग घेऊन बसतो?" पण मी बसते ना! त्या घरात काडेपेटी नाही, निखारा राखेत झाकून ठेवायचा आणि तो विझला तर चकमक झाडायची, हे ठाऊक असल्याशिवाय पार्वतीबाई पहाटे उठून काय करतात हे मला लिहिताच येत नाही.

तर तिथेच अडले होते. तोतया पुण्यात आणलाय. भाऊंना ओळखणारी माणसं उभी केलीत, चौकशी चाललीय, गावात दोन तट. आणि ही बाई वाड्यात बसलीय. पुरंदरावर गंगाबाईंच्या सोबतीला राहिलेली, त्यांच्या पोरक्या मुलाला, सवाई माधवरावांना पुढे सांभाळणारी, कपाळावर कुंकू. कादंबरीत तिने काय करायचं? सगळे लिहितील की ती पडद्याआडून बघते आणि एक हुंदका देते, नाहीतर ठामपणे "हे ते नव्हेत" म्हणते. दोन्ही लिहून पाहिलं. दोन्ही खोटं वाटलं.

आणि मग हात आपोआप चालला. माझ्या पार्वतीबाई बघायलाच जात नाहीत. निरोप येतो, त्या उठतात, सूप पुढे ओढतात आणि तांदूळ निवडायला बसतात. सकाळीच निवडलेले तांदूळ. खडा एकही नाही. एकेक दाणा बोटाने सरकवत राहतात.

कुंदे, तुला आता कळलं असेल.

तो हरिद्वारचा माणूस पाकीट घेऊन आला होता तेव्हा आक्का अशीच बसली होती ना? तुझी आई दारातून म्हणत होती, "वन्सं, फोटो तरी बघा," आणि आक्का मान वर करत नव्हती. त्या वेळी आपल्याला वाटलं ती घाबरलीय. मला आता वाटतं, तिला पक्कं ठाऊक होतं की फोटोत तिचे यजमान नाना असोत की नसोत, बघितलं की वाट बघणं संपणार. आणि ते तिला नको होतं. तेवढंच तिचं स्वतःचं राहिलं होतं, बाकी घर सगळं तुमचं. असं माझ्या मनाला वाटतं. तू तिच्या शेजारी झोपायचीस, तुला काही वेगळं माहीत असेल तर सांग.

माझी काळजी इथे संपत नाही. प्रकरणात मी एक दासी घातलीय, बारा-तेरा वर्षांची. ती चोरून तोतयाला पाहून येते. तिने लहानपणी भाऊंना पाहिलेलं नाही, पण भाऊंची तसबीर पाहिलीय. तिला कळतं. ती परत येऊन पार्वतीबाईंच्या समोर बसते, सुपातले तांदूळ बघत, आणि बाई तिला काहीच विचारत नाहीत. ती पोर काही सांगत नाही. पुढे कधीच सांगत नाही.

देव्हाऱ्यामागचं ते पाकीट आपण दोघींनी उघडलं होतं. आजवर कुणाला बोललो नाही, एकमेकींशीसुद्धा नाही. मी कादंबरीत त्या पोरीला काय दिसलं ते लिहिलेलं नाही, शपथ. पण वहिनी वाचतील, बंडू वाचेल, आणि बंडू कसा का असेना, मूर्ख नाही. सूप आणि तांदूळ वाचून त्याला आक्का दिसणारच. मग तो विचारेल, ही पोर कोण.

हे पान काढलं तर कादंबरी पोकळ होते, हे मला लख्ख दिसतंय. त्या पार्वतीबाई तरी अशाच होत्या का, ह्याने मी रात्री तळमळते. अडीचशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या मनात मी आक्काचं मन घातलंय. तिचं दुःख तिच्यापुरतं होतं, ते मी दुसऱ्या कुणाच्या दुःखाने भरून काढलं तर तिच्यावर अन्याय होतो का? मग वाटतं, ज्यांनी तिला पदराआड हुंदका द्यायला लावला त्यांनी तिच्याजवळ कुणाला तरी बसवलं होतं का? मी निदान आक्काला बसवलंय, जिला ते सगळं माहीत होतं. ह्यावर तू भांडलीस तरी चालेल, किंबहुना भांडच.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे निशाच्या मेसेजवरून कळलं. थेंब घालतेस ना वेळेवर? नवीन फ्लॅटमध्ये देवघर पूर्वेला निघालं का? निशाच्या सासूबाईंना माझा नमस्कार. बडोद्याची थंडी ह्या वर्षी जास्त म्हणे, शाल पाठवू का?

ह्या पत्राबरोबर ते प्रकरण टाईप करून पाठवतेय, अक्षरं मोठी काढलीत. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, डोळा बरा झाल्यावर स्वतः वाच. मग मला एवढंच कळव: पोर ठेवू की काढू? काढ म्हणालीस तर काढीन, कारण ते पाकीट तुझंही आहे. पण काढ म्हणण्याआधी पूर्ण वाच, शेवटच्या ओळीपर्यंत, पानिपतावरच्या मल्हाररावांसारखं मध्येच निघून जाऊ नकोस.

तुझी,
शालू