बांधावरचं लाकूड जाळू नका, तेलात तापवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सांगलीत सुतारकाम करतो. 2019 च्या पुरानंतर किती दारांना रंधा मारला त्याचा हिशोब नाही, सगळी फुगून चौकटीत अडकलेली, आणि जो तो म्हणतो सागवान परवडत नाही हो. मग बांधावरचं सिल्व्हर ओक, निलगिरी आपण चुलीत का घालतो? लाकूड 180 ते 220 डिग्री तापलेल्या तेलात काही तास बुडवून ठेवलं की हवा लागत नाही म्हणून ते जळत नाही, पण त्यातला पाणी धरून ठेवणारा भाग मोडतो, मग पावसाळ्यात फुगणं कमी, बुरशी कमी, रंगही छान तपकिरी. हलकं लाकूड वाफेवर मऊ करून गरम प्रेसमध्ये दाबलं तर टणक होतं, पण नुसतं दाबलेलं भिजलं की परत फुगून वर येतं, ते या तेलाच्या तापवण्याने बरंच थांबतं. जास्त तापवलं तर मात्र ठिसूळ होतं, खिळा मारताना चिरतं, त्यामुळे तुळयांना नकोच. आणि घरी कढईत कुणी करू नका, तेल पेट घेतं. एमआयडीसीत आम्हा सुतारांसाठी असं एक सामायिक यंत्र बसवा, भाडं आम्ही भरू.

- एक सुतार, सांगली