आत्याचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा आत्या फोनवर म्हणाली, "टेन्शन घेणं सोड, अंगावरचं पित्त आपोआप जाईल." त्यावर तू गप्प झालीस. ती मायेनं बोलली, पण ते खरं नाही, म्हणून लिहायला बसले.

सहा आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज गांधी उठत असतील, तर डॉक्टर त्याला जुनाट अर्टिकेरिया म्हणतात. पुष्कळदा आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या मास्ट पेशींना चिथावते, त्यातून हिस्टामिन सुटतं आणि कातडी फुगून खाजते. ताणानं हे वाढतं, हे मान्य. पण "तू काळजी करतेस म्हणून तुला झालं" असं कुणी म्हणालं, तर ऐकून घेऊ नकोस. रात्र रात्र खाजवत काढायची, सकाळी ओठ सुजलेला, त्यात ऑफिसात कुणीतरी विचारणार, "पसरतं का गं?" पसरत नाही. तरी माणूस हळूहळू डबासुद्धा एकटा खायला लागतो. या आजारात चिंता आणि नैराश्य बऱ्याच जणांना गाठतं, त्याचा पुन्हा ताण होतो आणि खाज आणखी छळते.

नदीपात्रातून ढोल-ताशा पथकाचा सराव करून यायचीस, तेव्हा ढोल बांधायच्या जागी कमरेभोवती बोटभर जाड लाल पट्टा उठलेला असायचा. दाबानं असं उठतं, कधी कधी काही तासांनी. तू आमसुलाचं पाणी लावून मुकाट झोपायचीस. मग पथकच सोडलंस आणि कारण सांगितलंस कामाचं. मला त्या वळांपेक्षा हे जास्त लागलं. ढोल नको तर झांज घे, नाहीतर नुसती सरावाला जाऊन बस, पण त्या मैत्रिणी तोडू नकोस.

हिस्टामिनला अडवणारी गोळी खाज सुटल्यावर नाही, सांगितल्याप्रमाणे रोज घ्यायची. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर डोस चौपटीपर्यंत वाढवू शकतात, पुढे ओमालिझुमॅबचं इंजेक्शनही आहे. मनानं डोस वाढवू नकोस. वहीत रोज गांधींना 0 ते 3 आणि खाजेला 0 ते 3 गुण लिही. आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त 42 होते. त्याखाली झोप लागली का, रडू आलं का, तेही लिही आणि डॉक्टरांना दाखव. तोही आजाराचाच भाग आहे.

आत्याशी मी बोलते. शनिवारी कोथरूडला ये. आणि कधी जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर आधी हॉस्पिटल गाठ, मग मला फोन कर.

तुझी,
आई