भाड्याचं की विकतचं, हे अकरा महिन्यांच्या करारानं ठरवू नये

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

सादर नमस्कार.

मे २०२५ मध्ये राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर झाले. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे त्याचे ब्रीद आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरे हे उद्दिष्ट. घरांची संख्या वाढवा असे सांगायला हे पत्र नाही. पगारावर जगणारे कुटुंब भाड्याने राहायचे की कर्ज काढायचे हे कसे ठरवते, आणि तिथे राज्याचे कायदे व कर कुठे आडवे येतात, एवढेच मांडायचे आहे.

पुण्यातला एक नमुन्याचा हिशेब घेऊ. तयार टू बीएचके ८० लाखांचा, आणि तसाच फ्लॅट शेजारच्या इमारतीत २४ हजार भाड्याने. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. या दोन्ही रकमा घराच्या किमतीत धरून कर्ज मिळत नाही, त्या रोखच लागतात. एकूण २१ लाख ९० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ४ लाख, आणि ताबा मिळेपर्यंत चालू घराचे भाडे व कर्जाचे व्याज दोन्ही एकदम.

८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी लाखाला ८३६ रुपये हप्ता बसतो. ६४ लाखांना साडेत्रेपन्न हजार. पहिल्या हप्त्यातले ४२,६६७ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते जेमतेम पावणेअकरा हजार. वीस वर्षांत ६४ लाखांवर साडेचौसष्ट लाख व्याज. बँक हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता मान्य करते, पण मुलांची शिक्षणे आणि आईवडिलांची औषधे असलेल्या घराने ४० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असे आमचे ठाम मत आहे. या फ्लॅटसाठी मग महिन्याला १ लाख ३४ हजार हातात यायला हवेत.

भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, असे घरोघरी म्हटले जाते. मालकीच्या घरात पाण्यात काय जाते तेही मोजले पाहिजे. व्याज ४२,७००. पदरच्या २१ लाख ९० हजारांवर ७ टक्क्यांनी बुडालेले व्याज १२,८००. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर ४,५०० धरू. बेरीज ६० हजार. २४ हजार भाडे वजा केले तर फरक ३६ हजारांचा, वर्षाला ४ लाख ३२ हजार. सुरुवातीच्या वर्षांत घराची किंमत दरसाल सुमारे ५.४ टक्क्यांनी वाढली तर ते कुटुंब भाडेकरूच्या बरोबरीला येते. पुढे भाडे वाढत जाते, हप्त्यातला व्याजाचा भाग घटतो आणि पारडे मालकीकडे झुकते. एक सोपा आडाखा असा: किंमत भागिले वार्षिक भाडे. उत्तर २० किंवा कमी आले आणि त्याच शहरात किमान ८-१० वर्षे राहायचे असेल तर विकत घ्यावे. इथे उत्तर २८ येते. बदलीची नोकरी असलेल्याने किंवा १ लाख ३४ हजारांपेक्षा कमी पगार हातात येणाऱ्याने भाड्याने राहावे, असेच हा हिशेब सांगतो.

तरी माणसे विकत घेतात. कारण भाड्याच्या घराला उद्याचा भरवसा नाही, करार सहसा अकरा महिन्यांचाच असतो. मूल तिसरीत असताना मालक घर रिकामे करायला सांगतो, शाळा तिथेच राहते आणि नवे घर चार किलोमीटरवर मिळते. ही धास्ती टाळण्यासाठी कुटुंब झेपत नसलेला हप्ता गळ्यात बांधून घेते.

अकरा महिन्यांची ही प्रथा आली कुठून? १९०८च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायला अकरा महिने. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी व नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आपल्या राज्यात अकरा महिन्यांचे कारण पंचवीस वर्षांपूर्वीच संपले. सवय तेवढी उरली.

खर्च पाहिला तरी लांबचा करार स्वस्त पडतो. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या नेहमीच्या भाडेकरारावर, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही ६० महिन्यांपर्यंत. २४ हजार भाडे आणि एक लाख डिपॉझिट असेल तर ३६ महिन्यांचे भाडे ८ लाख ६४ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले ३० हजार मिळवायचे. शुल्क २,२३५ रुपये, शहरी भागातली नोंदणी फी १,०००. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर दर वेळी सुमारे ७०० अधिक १,०००, म्हणजे पाच हजारांवर, आणि मुदत मिळते ३३ महिन्यांचीच. एजंटची दलाली वेगळी. लांबच्या कराराला अडथळा खर्चाचा नाही, भीतीचा आहे.

मालकांची ती भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, पागडी आली, चाळी खचल्या. दोन पिढ्यांनी ते पाहिले. आजचा कायदा मात्र वेगळा आहे. मुदत संपल्यावर लायसन्सवरची जागा परत मिळवायला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो, आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ही माहिती मालकांपर्यंत पोचवणे हे आपल्या खात्याचे काम आहे, आणि अर्ज वेळेत निकाली काढणे हेही.

भाडेकरूला मात्र अशी जवळची वाट नाही. डिपॉझिट अडकले की दिवाणी दावा. एका लाखासाठी तो कोणी लावत नाही, म्हणून रंगकामाच्या नावाखाली निम्मे कापले तरी लोक गप्प बसतात. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना दिला. त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतेच, मालकाने घरात येण्याआधी २४ तासांची सूचना, आणि वाद ६० दिवसांत सोडवणारे भाडे न्यायालय आहे. सगळा मसुदा जसाच्या तसा घ्या असे आम्ही म्हणत नाही. जुन्या पागडीच्या भाडेकरूंचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला हात न लावलेलाच बरा. पण नव्या लायसन्स करारांपुरती डिपॉझिटची मर्यादा आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे भाडेकरूलाही अर्जाचा हक्क, एवढी दुरुस्ती १९९९च्या कायद्यात करता येईल.

सोसायट्यांबद्दल थोडक्यात. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ते ना-भोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, हा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. तरी जास्तीची आकारणी होते आणि ती शेवटी भाड्यात चढते. उपनिबंधकांनी वार्षिक तपासणीत हा एक आकडा पाहिला तरी पुष्कळ होईल.

ज्यांचा हिशेब खरोखर जुळतो त्यांनी घर घ्यावेच, आणि तिथेही एक मागणी आहे. वरच्या उदाहरणातले शुल्क आणि नोंदणी फी मिळून ५ लाख ९० हजार म्हणजे बरोबर अकरा हप्ते. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय कर्ज घेऊ नये असे आम्ही सांगतो, ती गंगाजळी इथेच संपते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा काय झाले ते आठवावे. ७ टक्क्यांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखाला ७७५ रुपये. तोच दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला की लाखाचे महिन्याचे व्याजच ७९२. नव्या कर्जदारांचा जुना हप्ता व्याजालाही पुरेना, मुद्दल फिटणे तर दूरच. हाताशी रोकड असलेल्यांनी हप्ता वाढवून किंवा थोडे मुद्दल भरून वाट काढली.

म्हणून पहिल्या घरावरचा एक टक्का मेट्रो अधिभार माफ करावा. स्त्रीच्या नावे खरेदीला असलेली एक टक्का सवलत नवरा-बायकोच्या संयुक्त खरेदीला मिळत नाही. कर्ज दोघांच्या पगारावर उभे राहते, म्हणून बहुतेक जोडपी दोघांची नावे लावतात आणि इथे ८० हजारांना मुकतात. संयुक्त खरेदीला निदान अर्धा टक्का द्यावा.

कायदादुरुस्तीला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. एक गोष्ट मात्र महसूल खात्याशी बोलून या महिन्यातही होऊ शकते. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन भाडेकरारात ३६ महिन्यांचा नमुना तयार ठेवा. त्यात दरसाल वाढीचा ठरलेला टक्का असू द्या, दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस, डिपॉझिट किल्ल्या परत देताना त्याच दिवशी, आणि कपातीची यादी करारालाच जोडलेली. अकरा महिन्यांचा पर्याय ज्यांना हवा त्यांच्यासाठी राहू द्या, फक्त तो यादीत दुसरा असू द्या.

आपले,
गृहकर्ज आणि भाडेकरारांचे काम करणारे काही सल्लागार, पुणे