पऱ्हाटी (कपाशी) आम्ही हौसेने मोडलेली नाही

मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

परवा आमच्या भागातल्या सरकारी खरेदी केंद्रावरून माझी गाडी भरली तशी परत आली. मोबाइलवर नोंदणी केली होती, सातबारा जोडला होता, नंबरासाठी अठरा दिवस थांबलो होतो. कापसाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरने कापसात मशीन खुपसलं, ओलावा 14 टक्के दाखवला आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. 12 च्या वर चालत नाही म्हणे. सप्टेंबरात पावसाने बोंडं झोडपली साहेब, कोरडा कापूस आणू कुठून? गाडी भाड्याची, रात्र पडलेली. व्यापाऱ्याला क्विंटलला 6,800 ने देऊन टाकला. लांब धाग्याच्या कापसाचा तुमचा 2025-26 चा हमीभाव 8,110 होता. क्विंटलमागे 1,310 रुपये त्या फाटकावर सोडून आलो.

आणि भाव पडले कशाने? 19 ऑगस्ट 2025 ला सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणालात, महिना संपायच्या आत मुदत 31 डिसेंबर केली. हेच तर आमच्या वेचणीचे महिने! गिरण्यांना कापूस महाग पडला की तुम्ही धावून जाता. 2025 मध्ये आम्ही 901 रुपयांच्या बियाण्याच्या थैल्या घेतल्या, तेव्हा कोणी धावलं नाही.

अधिकारी विचारतात, शेतकरी कापूस का कमी करतात? या एकदा वेचणीला. किलोला 12 रुपये देऊनही बाया मिळत नाहीत, शेजारच्या गावातून ऑटोने आणाव्या लागतात. वाळलेल्या बोंडांनी माझ्या बायकोची बोटं इतकी ओरबाडली आहेत, की कणीक मळताना मीठ झोंबतं. 2017 साली गुलाबी बोंडअळीने पीक आतून पोखरलं. त्याच वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली. बोंडअळीला रोखणारं म्हणून दिलेलं बीजी-2 हे बीटी बियाणं 2006 सालचं. अळी आता त्याला जुमानत नाही, आणि त्यापुढचं अधिकृत वाण अजून आमच्या हातात नाही.

देशातलं कपाशीचं क्षेत्र 2023-24 मध्ये सव्वाशे लाख हेक्टरांच्या आसपास होतं, पुढच्याच वर्षी 113 लाखांवर आलं. त्या घटीत माझे चार एकर आहेत. तिथे आता सोयाबीन अन् तूर. सोयाबीनलाही हमीभाव मिळत नाही, पण निदान वेचाई तरी लागत नाही.

कापूस सरकारलाच विकावा लागायचा त्या एकाधिकार खरेदीच्या काळात वडिलांनी चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशांसाठी, चकरा मारल्या, मी ओलाव्यापायी मारतोय. किती सरकारं आली अन् गेली, शेतकऱ्याने फाटकाबाहेर थांबायचं ते थांबायचंच.

ओल्या कापसाचे पैसे कापा, पण गाडी परत पाठवू नका. वेचणीच्या महिन्यांत आयात खुली करू नका. एवढंच मागतो.

यंदाही पहिल्या वेचणीआधी आईने पऱ्हाटीत सीतादहीची पूजा केली. उरलेला सात क्विंटल कापूस मागच्या खोलीत आहे, खाज सुटते म्हणून पोरं ओसरीत झोपतात. तो वाळवून सोमवारी त्याच केंद्रावर नेतोय.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ