मुक्काम आखून देणाऱ्या काकूंना

ती. स्व. काकू,
सा. न. वि. वि.

"आभार कसले मानतेस, पोचल्याचा फोन कर म्हणजे झालं," असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण हे पत्र चारचौघांत वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आणखी दहा घरांच्या कामी येईल असं आहे. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

आपली ओळख तरी केवढी? माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीची तुम्ही नणंद. एवढ्या धाग्यावर मी नाशिकहून तुम्हाला जर्मनीत कार्ल्सरूहला मेसेज टाकला: मे महिन्यात आम्ही सहाजण, त्यात आई-बाबा आणि दोन मुलं, फ्रँकफर्टला उतरून गाडीने फिरणार आहोत, वाटेत राहायला चांगली हॉटेलं सुचवाल का? तुम्ही एकही हॉटेल सुचवलं नाहीत. उलट मलाच प्रश्न. आईंना जिना चढताना कठडा लागतो का? बाबांना रात्री किती वेळा उठावं लागतं? मुलांची उंची किती? सकाळी पोहे-उपम्याशिवाय कोणाचं अडतं का? आणि सगळ्यांत शेवटी, "रात्री गाडी कुठे उभी करणार?"

हा शेवटचा प्रश्न ऐकून नवरा हसला होता. गाडी कुठेही उभी राहील की! मग तुम्ही समजावून सांगितलंत. सहा माणसं सात सीटच्या गाडीत बसतात खरी, पण शेवटची रांग उघडली की बॅगा ठेवायला जागाच उरत नाही. म्हणजे नऊ सीटची व्हॅन घ्यायची. साध्या कारच्या लायसन्सवर ती चालवता येते. पण तिची उंची जेमतेम दोन मीटर, आणि शहरातल्या हॉटेलांचं पार्किंग असतं तळघरात, दारावर उंचीची पाटी लावलेली. कुठे दोन मीटर, कुठे त्याहून कमी. मोठ्या अक्षरात 'पार्किंग उपलब्ध' लिहिलेलं असतं आणि आपली गाडी मात्र रस्त्यावर. म्हणून तुम्ही प्रत्येक ठिकाणी स्वतः जर्मनमध्ये मेल लिहून दोन गोष्टी विचारल्यात: अंगणात उघड्यावर गाडी उभी करता येईल का, आणि गाडीपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती. 'लिफ्ट आहे' एवढ्या उत्तरावर तुम्ही समाधान मानलं नाहीत, कारण तिकडच्या जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच पाच-सहा पायऱ्या असतात. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागातल्या एका घराचा तळमजला असा होता की डोंगरउतारामुळे दारापर्यंत बाहेरूनच चढण. फोटोत ते कळलं नसतं. तुम्ही मालकिणीकडून वाटेचा फोटो मागवलात आणि ते घर रद्द केलंत.

आमच्याकडे नवऱ्याने केलेला एक तक्ता होता. अॅमस्टरडॅम, पॅरिस, झुरिच, रोम, व्हिएन्ना, रोज नवं गाव. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "मी दिवस आखणार नाही, रात्री आखून देते. दिवसाचं तुमचं तुम्ही बघा." ते वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरलं जातं. मुक्काम थोडे, बहुतेक ठिकाणी निदान तीन रात्री, आणि तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटिझेजवळ एक, स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला लागून विल्डर्सविलमध्ये एक, इटलीत गार्डा सरोवरावर पेस्कियेराला एक, मग ब्रेनरची खिंड ओलांडून ऑस्ट्रियात इन्सब्रुक, आणि शेवटी म्युनिक. गाडी फ्रँकफर्टला घेऊन म्युनिकला दिली, म्हणजे एकाच देशात. दुसऱ्या देशात सोडली असती तर भुर्दंड केवढा पडला असता हे तुम्हीच दाखवलंत. व्हिसाचाही गुंता त्यातच सुटला. ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे अर्ज करायचा, म्हणून रात्रींची बेरीज जर्मनीकडे झुकवलीत आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे न कापता रद्द करता येतील अशीच बुकिंगं घ्यायला लावलीत.

पण तुमच्या आखणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगू? शनिवार-रविवार घर बदलायचं नाही. शनिवारी नाही, कारण अर्धा युरोप त्या दिवशी सुट्टीचं घर सोडतो आणि उरलेला अर्धा ते धरतो, त्यामुळे आल्प्सकडे जाणारे रस्ते तुंबतात. रविवारी नाही, कारण जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद, आणि नव्या घरात रिकाम्या फ्रिजसमोर मुलं 'भूक लागली' म्हणून उभी. त्यावर मे महिन्याची आणखी एक मेख. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी येणारी गुरुवारची सुट्टी आणि पन्नासाव्या दिवसाचा पेंटेकॉस्ट, या दोन्ही जोडसुट्ट्यांना स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्डच्या बोगद्यापुढे गाड्यांच्या रांगा किती लांबतात हे तुम्ही वर्षानुवर्षं बघत आला आहात. आपल्याकडे शाळेच्या सुट्ट्या बघून तिकिटं काढतात. तिकडचं पंचांग कोण बघतं? तुम्ही पाहिलंत, आणि आम्हाला मधल्या एका मंगळवारी तिथून काढलंत.

बाबांना फुर्का घाटातून जायचं होतं. तुम्ही त्यांना फोनवर सांगितलंत की मेमध्ये फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे घाट बहुधा बर्फामुळे बंदच असतात, जूनमध्ये उघडतात. बाबा हिरमुसले. पण ब्रुनिगची खिंड हजार मीटरच्या आसपासची, ती चालू असते. तिथून ल्युसर्नला उतरून गोटहार्ड गाठायचा असं ठरवून दिलंत. तो १९८० चा, जवळजवळ १७ किलोमीटरचा बोगदा. आत शिरताना इकडे जर्मन पाट्या आणि बाहेर पडल्यावर इटालियन, देश तोच. पलीकडे बेलिंझोनाला जेवणासाठी थांबायला सांगितलं होतंत. तीन किल्ले एकाच गावात, युनेस्कोच्या यादीतले. बाबांनी तटबंदी बघितली, जंग्या मोजल्या, आणि फुर्काचं नाव पुन्हा काढलं नाही.

फ्रँकफर्टला उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घ्यायची नाही, हाही तुमचाच हुकूम. रात्रभर जागलेल्या माणसाने उजवीकडून गाडी चालवायला शिकू नये, बस्स. दुसऱ्या दिवशी पहिला टप्पा तुमच्या दारापर्यंत, १४० किलोमीटरच्या आतबाहेर. तुम्ही पिठलं-भात केला होतात आणि सोबत पांढऱ्या श्पार्गेलची, म्हणजे शतावरीच्या कोंबांची भाजी, मोहरी-हिंगाची फोडणी देऊन. त्या शतावरीचा हंगाम २४ जूनला संपतो आणि तोवर तिकडे घरोघरी तेच शिजतं, म्हणालात. आई अजून त्या भाजीबद्दल बोलतात. निघताना तुम्ही तळघरातून नातवंडांच्या दोन बूस्टर सीटा काढून आणल्यात. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलाला ती लागतेच. भाड्याने घेतली असती तर रोजचे पैसे. म्हणून तर उंची विचारली होतीत!

आता स्वयंपाकघराबद्दल. तूप नेऊ नका, पेढे नेऊ नका, असं तुम्ही बजावलं नसतंत तर आमचा डबा विमानतळावरच राहिला असता. बाहेरून येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात चालत नाहीत. टिटिझेच्या घरात पहिल्याच संध्याकाळी आईंनी बिनमिठाचं लोणी आणून तूप कढवलं. बेरी खाली बसली, घरभर वास सुटला आणि धाकटी म्हणाली, नाशिकचा वास आला. फोडणी करायच्या आधी खिडकी उघडा, छताला धुराची घंटा असते, हे तुम्ही तीनदा लिहिलं होतंत. बाबा खिडकी उघडायला गेले तर ती वरच्या बाजूने आत कलली. तिची मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते आणि वर केली की कलते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं बिजागरी तुटली. दोन्ही हातांनी काच धरून ते मला हाका मारत उभे. इकडे मोहरी तडतडायला लागलेली. घंटा वाजली नाही हे नशीब.

त्या घरात मिळालेलं कोनुस कार्ड तर आम्हाला माहीतच नव्हतं. ब्लॅक फॉरेस्टच्या त्या पट्ट्यात राहणाऱ्या पाहुण्यांना मुक्कामाच्या गावी दर माणशी थोडा कर भरावा लागतो, आणि त्या बदल्यात बस व लोकल रेल्वे फुकट. टिटिझेहून फ्रायबुर्गला दरीतून उतरणारी रेल्वे आम्ही एवढी वापरली की गाडी अंगणातच उभी. नवऱ्याला विश्रांती मिळाली, हा त्यातला खरा फायदा. विल्डर्सविलमध्येही पाहुण्यांच्या कार्डावर बस मिळाली. वर डोंगरातल्या वेंगेन किंवा म्युरेनला राहावं असं मला वाटत होतं, फोटो फार सुंदर. पण तिथे गाडी जातच नाही, लाउटरब्रुनेनला ती ठेवून बॅगा घेऊन रेल्वेने किंवा रोपवेने वर चढायचं. आईंच्या गुडघ्यांपुढे फोटो हरले.

इटलीत तुम्ही शहरात राहूच दिलं नाहीत. जुन्या गावठाणांत मोटारींना मज्जाव, वेशीवर कॅमेरे, आणि दंडाचं पत्र घरी पोचल्यानंतर येतं, वर भाड्याची गाडी देणाऱ्याचा प्रशासकीय आकार वेगळा. म्हणून पेस्कियेरा. तिथे मिलान-व्हेनिस मार्गावरचं स्टेशन आहे, म्हणून व्हेरोना आणि व्हेनिस दोन्ही रेल्वेने झाली. घरमालकाने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले तेव्हा आई जरा बिचकल्या, पण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे हे तुम्ही आधीच सांगितलेलं होतं. मुक्कामाचा कर रोख सुटे ठेवा, हेही. एक गोष्ट मात्र तुम्ही सांगितली नव्हतीत: इटलीत १९७५ पासून घरात बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्यासाठीचं बेसिन, असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. बाबांच्या मते सबंध दौऱ्यातली ही सर्वांत सुधारलेली सोय. त्यांनी स्वित्झर्लंडला कमी गुण दिले आहेत.

टोलचं एका ओळीत: स्वित्झर्लंडचं ४० फ्रँकचं वर्षाचं स्टिकर, ऑस्ट्रियाचं दहा दिवसांचं, आणि ब्रेनरचा टोल त्याहून वेगळा. तुम्ही लिहून दिल्याप्रमाणे सगळं जागच्या जागी भरलं, कुठे अडलं नाही.

शेवटची रात्र म्युनिक शहरात न घेता विमानतळाच्या शेजारी फ्रायझिंगला घ्यायला लावलीत, त्याबद्दल बाबा वेगळे आभार मानणार आहेत. सन १०४० पासून चालू असल्याचं सांगतात ती बिअरची भट्टी तिथेच टेकडीवर आहे, हे तुम्ही त्यांना परस्पर कळवलं होतंत असा माझा दाट संशय आहे.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. इन्सब्रुकला एकच रात्र पुरे, म्हणालात. पुरली नाही. मुलं इन नदीच्या काठावरून हलायला तयार नव्हती आणि मी जुन्या गावातून. पुन्हा कोणी विचारलं तर इन्सब्रुकला दोन रात्री द्या, हवं तर गार्डाची एक कमी करा.

मुलांच्या सीटा तुमच्या म्युनिकच्या ओळखीच्यांकडे पोचवल्या आहेत. त्यातल्या एकीच्या कापडावर चॉकलेटचा डाग पडला आहे, धुऊनही गेला नाही. कुळथाचं पीठ, मेतकूट आणि आईंच्या हातचा गोडा मसाला, असं पार्सल माझी मावसबहीण ऑगस्टमध्ये श्टुटगार्टला येतेय तिच्याबरोबर देतेय. त्यात दुधाचं काही नाही, मी तपासलं आहे.

काकांना सा. न. सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
नाशिकची सून