तालुक्याच्या साप्ताहिकांच्या फायली वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्रकार दिनाची आपली पुरवणी आवडीने वाचली. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, तिथपासून आजच्या दैनिकांपर्यंतचा आढावा छान घेतला आहे. पण त्यात ‘दीनमित्र’चं नाव कुठेच नाही, याचं वाईट वाटलं.

मुकुंदराव पाटलांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी हे साप्ताहिक सुरू केलं ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागलं आणि १९६७ साली मुकुंदराव गेले तोवर चालू राहिलं. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी ‘दीनबंधु’ काढला होता, पण तो पुण्यातून. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईला नेला. मुलाने मात्र पत्र खेड्यातच ठेवलं. सावकारी, कुलकर्ण्यांचे कारभार, अंधश्रद्धा यांवर ते सत्यशोधकी बाण्याने लिहीत. ज्याच्यावर लिहायचं तो माणूस चार घरं टाकून राहतो, सकाळी पारावर भेटतो, आणि तरीही पुढच्या आठवड्याचा अंक काढायचा! शहरातल्या संपादकाला ही धास्ती नसते.

मला हे आतून कळतं, कारण माझे वडील तालुक्याच्या एका साप्ताहिकात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी उलटी अक्षरं, जुळवायचे. मराठीचे खिळे म्हणजे नुसती बाराखडी नव्हे. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या यांचे खणच्या खण भरलेले असत. खिळे पुरत नसत, म्हणून आधी दोन पानं जुळवून छापायची, ती सोडायची, एकेक खिळा परत आपल्या खणात टाकायचा आणि मग उरलेली दोन पानं जुळवायला घ्यायची. कधी ‘ळ’ संपला तर बातमीतला शब्दच बदलावा लागे. वडील उलटी ओळ सरळ ओळीइतकीच झरझर वाचत. गुरुवारी रात्री ते घरी आले की रॉकेलने हात पुसायचे, तरी नखांतली शाई रविवारपर्यंत हलत नसे. शुक्रवारी टपाल निघायच्या आत आम्ही भावंडं खळ लावून पत्ते चिकटवायचो.

त्या अंकात काय असे? बाजारभाव, पाणीटंचाई, बदलून आलेले फौजदार, तमाशाच्या फडाची जाहिरात आणि जाहीर नोटिसा. अमुक गटातली जमीन आमचे अशील खरेदी करीत आहेत, कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी. पत्राचा खर्च बऱ्याच अंशी या नोटिसांवर निघे. एकदा एक म्हातारे गृहस्थ अंक हातात घट्ट धरून छापखान्यात आले होते. त्यांच्या वाट्याची जमीन भावाने परस्पर विकायला काढली होती आणि त्यांना ते या नोटिशीवरून कळलं. मोठ्या दैनिकांत ही नोटीस आली असती, तर त्यांच्या हाती पडलीच नसती.

ते साप्ताहिक बंद पडलं तेव्हा मालकांनी छापखान्याची जागा रिकामी केली. खिळे मोडीत गेले, सगळ्या फायली रद्दीत गेल्या. वडिलांनी घरी आणून ठेवलेल्या दोन वर्षांच्या बांधीव फायली तेवढ्या उरल्या. प्रत्येक अंकाची प्रत ठरावीक मोठ्या ग्रंथालयांना पाठवण्याचा कायदा १९५६ पासून वर्तमानपत्रांनाही लागू आहे. आमच्या छापखान्यातून तशी प्रत गेल्याचं वडिलांना कधी आठवलं नाही. लहान पत्रांचा इतिहास असाच पुसला जातो. अग्रलेख कोणीतरी पुस्तकात घेतो, पण नोटिसा, भाव आणि वाचकांच्या तक्रारी कोणी घेत नाही. गावाचं जगणं तर त्यांतच असतं.

माझी विनंती एवढीच. आपल्या पत्राचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या फायली कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत आहेत, याची यादी त्यांनी करावी आणि ती आपण छापावी. जिल्हा ग्रंथालयाने त्या स्कॅन करून वाचकांसाठी खुल्या कराव्यात. पहिल्या दोन फायली माझ्याकडच्या घ्या. बारा-पंधरा पानांचे कोपरे वाळवीने खाल्ले आहेत, मजकूर मात्र शाबूत आहे.

आपला नम्र,
एक वाचक