चि. संग्राम यास

चि. संग्राम,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आपटला ते माझं चुकलंच. तुझी आई दोन दिवस ताटात भाकरी टाकते आणि न बोलता आत जाते. सिनेमात काम मिळालं म्हणून मी चिडलो नव्हतो. "अण्णा, हिरोची थोबाडीत खाणारा बावळट पैलवान आहे मी," असं तू हसत म्हणालास, तिथं डोकं फिरलं.

काल विनूनं मोबाईलवर १९३४ चा 'द थिन मॅन' लावला. त्यातला इन्स्पेक्टर नॅट पेंडलटन, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकचा हेवीवेटमधला रौप्यपदकवाला. त्याच ऑलिंपिकात आपले पैलवान रणधीर शिंदे फेदरवेटला चौथे आले. आबा सांगायचे ते. गडी शिकलेला, तोही कोलंबिया विद्यापीठात. बाबासाहेब तिथं होते त्याच सुमाराला! पुढं पैशासाठी कुस्त्या खेळला, मग सिनेमा. तिथं त्याच्या वाट्याला काय, तर अंगानं दांडगे आणि डोक्यानं मंद गडी. १९३६ साली सँडो झाला एकदा, ज्याच्या नावाचं बनियन घालून मी हे लिहितोय तो. विनू हसत होता. मी त्या माणसाची मान बघत बसलो. तुझी तशीच आहे.

काम सोड म्हणत नाही. पण सही करायच्या आधी सगळा सीन वाच. पडायचं कुठं ते विचार, खाली आपली माती नसणार. आणि सारखं बावळटाचंच काम देत असतील तर तोंड उघड, गप्प बसणाऱ्याला लोक खरंच बावळट समजतात... लागलो बघ शिकवायला. राहू दे.

हौदात नवी माती पडली परवा. ताक, हळद, तेल, लिंबू, सगळं कालवलं. तू सहा वर्षांचा असताना माझ्या पाठीवर माती टाकायचास आणि शिंकायचास. वस्ताद ओरडले की त्यांचीच नक्कल करून दाखवायचास, सगळी तालीम लोळायची. आबा म्हणाले होते, ह्याला पैलवान करू नका, हा नाटकातला आहे. मी ऐकलं नाही.

आक्काचे पैसे पोचले. त्याची काळजी नको.

तालमीत सगळ्यांना सांगून झालंय, पोरगा सिनेमात येतोय म्हणून. काम कसलं विचारलं तेव्हा इन्स्पेक्टरचं म्हणालो. तेवढं सांभाळून घे.

आणि थोबाडीत एकदाच आहे ना?

तुझा,
अण्णा